बोलेरोसाठी जुना अल्टरनेटर शोधताना काय काय जुळवावं लागलं

बोलेरो डीआयवाल्यांसाठी (डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन) लिहितोय, पण ज्या ज्या जुन्या डिझेल गाडीत अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाच्या, पाठीवर व्हॅक्युम पंप बसवलाय त्या सगळ्यांना हे थोडंफार लागू पडेल. आमची गाडी २००९ ची, २५२३ सीसीचं डीआय इंजिन, कोल्हापूरजवळ गावात असते. शेताकडं जाते, खताची पोती आणते, लग्नसराईत पाहुणे भरून नेते, आणि ती मी कमी चालवतो, आबा जास्त चालवतात.

पाऊस सुरू झाला तसा डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मंद पेटायला लागला. पूर्ण नाही, रात्री अंधारात नीट बघितलं तरच दिसेल इतपत. हेडलाइट आणि वायपर एकदम चालू केले की हेडलाइटचा उजेड कमी व्हायचा आणि रेस दिली की परत वाढायचा. आबांचं म्हणणं एकच, बॅटरी बदल. बॅटरीला जेमतेम वर्ष झालेलं. मी मीटर लावला तर गाडी बंद असताना १२.३ व्होल्ट, चालू केल्यावर १२.६, आणि हेडलाइट लावले की १२.१ च्या पण खाली. चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे, म्हणजे बॅटरीला नवं जवळजवळ काही मिळतच नव्हतं, आहे तेच संपत चाललेलं. दिवा मंद पेटणं हे बऱ्याचदा डायोड (अल्टरनेटरच्या एसीचा डीसी करणारा भाग) गेल्याचं लक्षण असतं, पूर्ण पेटला तर मग ब्रश, रेग्युलेटर किंवा तुटलेला बेल्ट बघायचा. हे मला आमच्या वायरमननं सांगितलं आणि पुढं तसंच निघालं पण.

आणि अजून एक गोष्ट होत होती जी आबा सहज बोलता बोलता म्हणाले, "ब्रेक जरा जड लागतोय रे हल्ली." ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल असं घरात कोणाला वाटलं नव्हतं.

संबंध असा आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या मागं आपोआप व्हॅक्युम तयार होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा डबा, चालतो. डिझेलला तसा व्हॅक्युम मिळत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. काही गाड्यांत हा पंप इंजिनच्या हेडवर असतो, कॅमशाफ्टवर फिरतो. बोलेरो डीआयमध्ये तो अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला बसवलाय, अल्टरनेटरचा शाफ्ट मागून बाहेर येतो, त्याला दाते असतात आणि त्या दात्यांवर पंपाचा रोटर बसतो. पंपाला इंजिन ऑइल लागतं, ते एका बारीक पाइपनं येतं आणि खालच्या जाड पाइपनं परत इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. म्हणजे एका बाजूला ऑइल आणि लगेच पलीकडं ब्रश आणि स्लिप रिंग (फिरणाऱ्या कॉईलला करंट देणारे कार्बनचे तुकडे आणि ते ज्यावर घासतात त्या रिंगा), मधी फक्त एक सील. गाडी एवढी चालल्यावर ते सील जाणारच, त्यात कोणाचा दोष काढण्यासारखं काही नाही. सील गेलं की ऑइल आत येतं, ब्रशच्या कार्बनमध्ये मिसळून काळा चिखल होतो, ब्रश अडकतात, आणि मग चार्जिंगचे नखरे सुरू.

वायरमननं खोलला तेव्हा आत हेच होतं. स्टेटरच्या, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या वाइंडिंगच्या, तांब्याचा रंग काळपट आणि वास असा की हातात घेतल्या घेतल्या कळावं. वाइंडिंग भरून घेता आलं असतं, कोल्हापुरात भरून देणारे आहेत, चांगले आहेत. पण पुढच्या झाकणाचा जो कान इंजिनला बोल्टनं धरतो त्याला बारीक चीर गेलेली. अल्युमिनियमला वेल्डिंग करून देणारे पण भेटतात, मात्र दिवसभर डिझेल इंजिनच्या कंपनात राहणारा तो कान, त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नव्हतो. नवीन पीस पंपासकट दहा-बारा हजाराच्या घरात. पैसे असतील तर नवीन घ्या, डीलरकडचा घ्या, उगाच ह्या भानगडीत पडू नका, हे आधीच सांगतो. मधल्या भावात चकचकीत डब्यात जे डुप्लिकेट मिळतात त्यापेक्षा मात्र मला कटिंगच्या, म्हणजे भंगारात तोडलेल्या, गाडीचा ओरिजिनल पीस कधीही बरा वाटतो. हे माझं मत, पटलं तर घ्या.

मग आमचा जुना पीस टेबलावर ठेवून मोजमाप सुरू केलं. वायरमन म्हणाला, नंबर लिहून ने बास. नंबर लिहिलाच, प्लेटवर व्होल्ट १२ आणि अँपियर ७५ लिहिलेलं, फोटो पण काढले चारी बाजूंनी. पण नुसत्या नंबरवर भागत नाही, कारण भंगारात येणाऱ्या अर्ध्या पिसांच्या प्लेटा निघून गेलेल्या असतात आणि उरलेल्यांच्या रंगाखाली गाडल्या गेलेल्या असतात. शिवाय बोलेरो हे नाव २००० सालापासून चालू आहे, आत इंजिनं बदलत गेली. सुरुवातीला प्यूजोचं इंजिन, मग आमचं डीआय, मग २०११ च्या सुमारास एम टू डीआयसीआर, २०१६ ला पॉवर प्लसमध्ये दीड लिटरचं एमहॉक. तेव्हा "बोलेरोचा अल्टरनेटर द्या" म्हणणं म्हणजे दुकानदाराला त्याच्याकडं जे पडून आहे ते देण्याची परवानगी दिल्यासारखं आहे. गाडीचं नाव सांगायच्या आधी इंजिन सांगायचं.

मी काय काय मोजलं ते सांगतो. खालच्या दोन कानांमधलं अंतर, आतून आणि बाहेरून दोन्ही. कानांच्या भोकाचा व्यास, कारण १० चा बोल्ट आणि १२ चं भोक असं झालं की अल्टरनेटर डुलतो आणि बेल्ट खातो. वरच्या ॲडजस्टिंग कानाचं भोक, त्याला आटे आहेत की आरपार मोकळं आहे. पुढच्या कानाच्या तोंडापासून पुलीच्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुली दोन-तीन मिलिमीटर जरी पुढंमागं झाली तरी बेल्ट तिरका पळतो. पुलीचा बाहेरचा व्यास. पुली कसली आहे, आमची व्ही बेल्टची, एकाच खाचेची. पंपाच्या ऑइल पाइपचा बोल्ट कुठल्या बाजूला आहे, ड्रेनचं तोंड कुठल्या दिशेला, व्हॅक्युमच्या नळीची जागा, आणि मागच्या शाफ्टचे दाते किती. मागच्या टर्मिनलची मांडणी पण कागदावर काढली, जाड वायरचा बी प्लस, दिव्याकडं जाणारा बारीक टर्मिनल, आणि तिसरा डब्ल्यू.

ह्या डब्ल्यूबद्दल थोडं थांबून सांगतो कारण दुकानात ह्याच्याकडं कोणी बघत नाही. डिझेल गाडीला इग्निशन कॉईल नसते, त्यामुळं जुन्या गाड्यांत आरपीएम मीटरला सिग्नल बऱ्याचदा अल्टरनेटरच्या एका फेजमधून घेतात, तोच डब्ल्यू. ज्या मॉडेलला आरपीएम मीटर नाही त्याच्या अल्टरनेटरला डब्ल्यू नसला तरी कंपनीचं काही अडत नाही, म्हणून दोन पीस बाहेरून अगदी सारखे आणि एकाला हा टर्मिनल आहे, एकाला नाही, असं होऊ शकतं. चार्जिंग दोन्ही करतील. आमच्या गाडीत मीटर आहे, आबांना त्याचं काही नाही, मला आहे.

एवढं घेऊन हायवेच्या बाजूला कटिंगवाल्यांच्या दुकानात गेलो. पहिल्या दुकानातल्या पोरानं फोटो न बघताच एक पीस आणून ठेवला, "बोलेरोचाच हाय भावा, घाल की डोळं झाकून." प्लेट खरवडली तर २४ व्होल्ट. कुठल्यातरी ट्रकचा. दिसायला सारखा, कान पण जवळपास सारखे. तो बसवला असता तर बॅटरी उकळली असती आणि बल्बांचं काय झालं असतं ते सांगायला नको. पोरगं हसलं आणि दुसरं आणलं, त्याला पंपच नव्हता. म्हणे पंप काढून टाका, मागं टोपी लावून देतो, ऑइलचा पाइप बोल्ट मारून बंद करा, किती जण तसंच चालवतात. मी विचारलं ब्रेक? तर म्हणाला, "जरा जोर लावून दाबायचा."

इथं मात्र माझं डोकं फिरलं. बूस्टर मेला की ब्रेक जात नाहीत हे खरं, पाय मारला की लागतात, पण लागणारा जोर कितीतरी पटीनं वाढतो. सात-आठ माणसं भरून आंबा घाट उतरताना सत्तरीतल्या माणसानं जरा जोर लावून दाबायचा, हे ऐकून घ्यायची पण माझी तयारी नव्हती. तिथून निघालो.

दुसरं दुकान एका चाचांचं. माल रचलेला, डिझेल वेगळं, पेट्रोल वेगळं, पंपवाले वेगळ्या रॅकवर. चाचांनी फोटो बघितले, माझा कागद बघितला आणि आधी विचारलं, "फिरताना पुढून बघितलं तर कुणीकडं फिरतो?" असा प्रश्न विचारणारा माणूस भेटला की अर्धं काम झालं समजायचं. वीज तयार व्हायला दिशेचा फारसा फरक पडत नाही, पण थंड करणाऱ्या पंख्याची पाती एका दिशेची असतात आणि व्हेनवाला (सरकत्या पात्यांचा) व्हॅक्युम पंप तर उलटा फिरवला की ओढायचं सोडून ढकलायला लागतो.

त्यांनी रॅकवरून जे पीस काढले त्यातला एक दिसायला सगळ्यात स्वच्छ, पॉलिश मारल्यासारखा. मी तोच उचलला तर चाचा म्हणाले तो ठेवा, चिपळूणकडची गाडी आहे. जुलै २०२१ च्या पुरात तिकडं गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या, त्यातल्या कितीतरी कटिंगला आल्या. बाहेरून धुतलेला असतो, पण हवेच्या फटीतून टॉर्च मारला तर वाइंडिंगच्या मधी बारीक गाळ दिसतो, आणि स्लिप रिंगवर हिरवट डाग. आमच्याकडं २०१९ ला पण पूर येऊन गेलाय, त्यामुळं कोल्हापूर-सांगली भागात हे बघितल्याशिवाय कुठलाच इलेक्ट्रिक पार्ट जुना घेऊ नये. चाचांनी स्वतःहून सांगितलं ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.

जो घेतला तो मागून धडकलेल्या डीआयचा होता, पुढचा भाग शाबूत. हातानं फिरवून बघितला, बेअरिंगचा आवाज नाही, फक्त ब्रशची हलकी घासण. शाफ्ट वरखाली हलवला, खेळ नाही. नाक लावून वास घेतला, जळका नाही. मागचं झाकण काढायची परवानगी घेतली, ब्रश अजून निम्म्याच्या वर शिल्लक, स्लिप रिंगला खोल चर पडलेला नाही, आणि मीटर ओहमवर टाकून दोन रिंगांमधी लावला तर तीनच्या आसपास, म्हणजे अल्टरनेटरच्या रोटरची, फिरणाऱ्या भागाची, कॉईल ठीक. रिंग आणि शाफ्टमधी काहीच दाखवायला नको, तसं दाखवत नव्हतं. डब्ल्यू टर्मिनल होता. दाते मोजले, आमच्याएवढेच.

पंप मात्र त्याचा खराब निघाला. आतल्या भिंतीला ओरखडे, नखाला लागतील असे, बहुतेक कधीतरी ऑइल न मिळता फिरला असणार. आमच्या जुन्या पिसाचा पंप वायरमननं खोलला होता तेव्हा आतून गुळगुळीत होता, फक्त सील गेलेलं. दाते सारखे असल्यामुळं आमचा पंप ह्याला बसणार होता. म्हणून चाचांना म्हणलं पंप तुम्हालाच ठेवा, भाव कमी करा. साडेतीन सांगितलेले, अडीच हजाराला जमलं. गॅरंटी म्हणजे टेस्टिंगची, चालला नाही तर बदलून देणार, पैसे परत नाहीत. जुन्या मालात एवढीच मिळते. त्यांच्याच दुकानात मोटरवर पट्टा चढवून फिरवून दाखवला, हॅलोजनचे बल्ब लोडला लावले, १४.२ व्होल्ट. लोड न लावता दाखवलेल्या व्होल्टेजला काही अर्थ नसतो, एखादा डायोड गेलेला असला तरी मोकळा फिरताना आकडा बरा दिसतो आणि लोड पडला की बसतो.

घरी येऊन दोन्ही पीस शेजारी ठेवले तेव्हा कळलं की सगळं जुळूनही सगळं जुळलेलं नाही. मागचा कान आमच्यापेक्षा तीन मिलिमीटर बारीक. पुढचा कान टेकवून बोल्ट लावला तर मागं फट राहते. गॅरेजमधले मिस्त्री म्हणाले बोल्ट कसला की बसतंय की, दोन वॉशर घाल. आमच्या आधीच्या पिसाच्या कानाला चीर कशानं गेली असेल ह्याचा अंदाज मला तिथंच आला. फट राहिलेल्या कानाला बोल्टनं ओढून घेतलं की तो कान कायम ताणात राहतो, वर इंजिनचं कंपन. बऱ्याच अल्टरनेटरच्या मागच्या कानात एक सरकणारं बुश असतं ते ह्याचसाठी, बोल्ट आवळला की बुश सरकून फट भरतं आणि कान सरळ राहतो. ह्या पिसातलं बुश गंजून एका जागी बसलेलं. मी उद्यमनगरात गेलो. शिवाजी उद्यमनगर ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, तिथं लेथवर काय होत नाही ते विचारा. जुनं बुश ठोकून काढलं, मापाचं नवीन लोखंडी बुश वळून घेतलं, चहा पिऊन होईपर्यंत हातात. ह्या सगळ्या उद्योगात सगळ्यात स्वस्त काम हेच आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पण हेच.

मग पुली. नव्या आलेल्या पिसावरची पुली आमच्यापेक्षा थोडी लहान होती. मिस्त्रींचं म्हणणं राहू दे, लहान पुली म्हणजे अल्टरनेटर जास्त फिरणार, कमी रेसला जास्त चार्जिंग. बोलणं बरोबर आहे. तशीच बसवून बघितली तर आरपीएम मीटर आयडलला भलताच वर, इंजिन आपलं नेहमीसारखं गुडगुडतंय आणि काटा हजाराच्या पुढं. मीटर शेवटी अल्टरनेटरचेच फेरे मोजतो, इंजिनचे नाही, त्यामुळं पुलीचा व्यास बदलला की मीटर खोटं बोलणार. आमची जुनी पुली काढून ह्याच्यावर चढवली, शाफ्टची जाडी सारखी होती म्हणून बसली, आणि काटा जागेवर आला. इंजिनची पुली आणि ही पुली एका रेषेत आहे का हे एक सरळ लोखंडी पट्टी दोन्हीवर टेकवून बघितलं, नव्या बुशामुळं बरोबर बसली.

बसवण्याचं काम तसं सरळ आहे, फक्त पहिल्यांदा बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, कारण बी प्लसची जाड वायर थेट बॅटरीला जाते आणि पाना बॉडीला लागला की वेल्डिंग होतं. पंपाला नवीन सील, नवीन ओ रिंग, ऑइल पाइपच्या बोल्टला नवीन तांब्याचे वॉशर, जुने परत वापरायचे नाहीत. आणि पाइप जोडायच्या आधी पंपात थोडं इंजिन ऑइल ओतून हातानं फिरवायचं, नाहीतर पहिले काही सेकंद तो कोरडा फिरतो आणि चाचांकडं सोडून आलेल्या पंपासारखे ओरखडे तिथंच पडतात. ऑइल येणारा बारीक पाइप फुंकून मोकळा आहे का ते पण बघून घेतलं. बेल्ट अंगठ्यानं दाबला की साधारण १० ते १२ मिलिमीटर दबेल एवढा ताण. जास्त आवळला की आवाज जातो हे खरं, पण बेअरिंग पण जातं.

चावी फिरवली, लाल दिवा पेटला. हा दिवा पेटणं गरजेचं आहे, त्याच्यातूनच रोटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब उडालेला असेल तर चांगला अल्टरनेटर पण जोरात रेस देईपर्यंत झोपून राहतो आणि लोक उगाच परत खोलायला लावतात. स्टार्ट केली, दिवा गेला, पूर्ण गेला. १४.१. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावून १३.७, रेस दिली की १४. वायरमननं त्याचा चांगला मीटर एसीवर टाकून बॅटरीवर लावला, अर्ध्या व्होल्टच्या खूप खाली, म्हणजे डायोड सगळे जिवंत.

आणि ब्रेक. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, दगडासारखं झालं, तसाच पाय दाबून ठेवून स्टार्ट केली की पेडल पायाखाली खाली जायला पाहिजे. गेलं, आणि लगेच गेलं, आधी हेच व्हायला वेळ लागत होता. वायरमनकडं व्हॅक्युमचं गेज होतं ते नळीला लावलं तर आयडललाच पाऱ्याच्या ६०० मिलिमीटरच्या वर. नंतर आबांनी गाडी पन्हाळ्यावर नेऊन आणली, खाली आल्यावर म्हणाले ब्रेकमध्ये काय केलं? मी सांगितलं ब्रेकला हात पण लावला नाही, अल्टरनेटर बदलला. त्यांना अजून पटलेलं नाही, मी ब्रेक शू बदलून घेतले आणि किंमत लपवतोय असंच ते धरून आहेत.

जुना पीस, म्हणजे चीर गेलेला, चाचांनी तांब्याच्या भावात घेतला. तुम्ही असं काही करणार असाल तर बसवल्यानंतर पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गाडी काढायच्या आधी डिपस्टिक बघा आणि पंपाच्या खालच्या जाड रबरी पाइपला हात लावून बघा. आमचा क्लिपच्या जागी किंचित पाझरत होता, पाइप कडक झालेला, तो पण बदलला.